आधी आत, मग बोलणं

डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला राऊत बाईंचं घर कुठे असं विचारलं, की लोक उलट विचारायचे, "त्या माशेवाल्या बाई का?" शेजारच्या जयाताईंना हे अजिबात खपत नसे. त्या स्वतः रोज सकाळी बंदरावरून टोपली भरून आणत आणि बाजारात बसत. त्या म्हणत, "माशेवाली मी. ह्या बाई माझे मासे विकत घेऊन खातात आणि स्वतःचे पाळतात. ह्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा."

राऊत बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. उंच, सडसडीत, पायात कायम रबरी चप्पल, डाव्या मनगटावर आतल्या बाजूला घड्याळ. साडीच्या निऱ्या नेहमी गुडघ्यापासून खाली ओल्या, कारण दिवसातून चार वेळा त्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत हात घालत. टाकी मूळची कपडे धुवायची. बाईंनी तिच्या तळाशी वाळू घातली होती आणि वर एक जुनी जाळी टाकली होती. त्या टाकीत तिलापी होत्या.

समुद्राकाठच्या माणसाला तिलापीचं काय कौतुक. जयाताई म्हणत, "गोड्या पाण्याचा मासा तो. चिखल खातो, चिखलासारखा लागतो." बाई कधी वाद घालत नसत. त्या म्हणत, "खाऊ नका. बघा."

त्या घरात मी पदवी मिळेपर्यंत राहिले. माझं गाव वेवजी, गुजरातच्या हद्दीला लागून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत गेलं नव्हतं. शाळा सुटल्यावर गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर तलासरीच्या नाक्यावर अंधार व्हायचा. एक दिवस बाईंनी वडिलांना बोलावलं आणि सांगितलं, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि मी एकटी आहे. पोरीचं अंथरूण पाठवा." बस, एवढंच. माझ्यासारख्या आणखीही मुली त्या घरातून शिकून गेल्या. कधी आम्ही चौघी असायचो, कधी दोघी. पण टाकीतले मासे आणि माझ्याबरोबरची सविता एकाच दिवशी त्या घरात आली. ती गोष्ट आधी सांगायला हवी.

सविता रानशेतची. आठवीनंतर ती शाळेत येईनाशी झाली, म्हणून बाई एका रविवारी मला बरोबर घेऊन तिच्या पाड्यावर गेल्या. उन्हाळा होता. त्या दिवशी पाड्याच्या तळ्यातले मासे धरायचे होते. तळं आटत आलं, की तिथे एक दिवस ठरवतात आणि सगळा पाडा एकदम पाण्यात उतरतो. बायका, म्हातारे, पोरं, ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन. मग धरलेले मासे एका जागी ओततात आणि घरटी वाटे घालतात. ज्या घरातून कुणीच उतरलं नाही, त्यालाही वाटा असतो. त्या दिवशी पाड्यावर आलेल्या पाहुण्यालाही असतो आणि तो नाही म्हणायचा नसतो.

बाईंच्या वाट्याला चार तिलापी आल्या. सविताच्या वडिलांनी त्या पळसाच्या पानावर ठेवल्या. त्यातल्या एकीने तोंड उघडलं आणि पानावर मोहरीएवढे डोळे असलेली बारीक बारीक पिल्लं सांडली. बाई एकदम खाली बसल्या. "पाणी आणा, पाणी," म्हणाल्या. सविताच पळाली आणि तळ्याच्या पाण्याची बादली घेऊन आली. बाईंनी पान तसंच्या तसं बादलीत बुडवलं.

सविताचे वडील हसत होते. "बाई, वाटा खायला दिला. तुम्ही जिता नेता?"

"हो."

"मासा जिता नेता, तर मग पोर पण न्या."

ते थट्टेत बोलले होते. बाई उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "नेते. सविता, कपडे घे." परत येताना टमटमवाला सारखा मागे वळून बघत होता, कारण बादलीतलं पाणी त्याच्या सीटवर सांडत होतं. सविता बादलीवर दोन्ही हात आडवे धरून बसली होती.

तिलापीची मादी अंडी तोंडात धरते. पाठ्यपुस्तकात हे एक ओळ असेल नसेल. बाईंच्या अंगणात ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आधी नर काळाभोर होतो, हनुवटी मात्र पांढरी, नुकतीच दाढी करून आल्यासारखी. तो तोंडाने वाळू उचलून बशीएवढा खड्डा करतो आणि मादीला तिथे आणतो. मादी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. बाई म्हणत, "ह्याचं काम खड्ड्यापर्यंत." जयाताई भिंतीपलीकडून म्हणत, "आमच्याकडे पण तसंच."

मग ती मादी कोपऱ्यात उभी राहते. गळा फुगलेला, गालात सुपारी धरल्यासारखा. मधूनच ती चूळ भरल्यासारखं तोंड हलवते, अंडी आतल्या आत फिरवते. या दिवसांत ती काही खात नाही. कणकेची गोळी नाकासमोरून खाली जाते, ती बघतसुद्धा नाही. पोट खपाटीला जातं. जयाताईंना वाटायचं मासा आजारी आहे. "चिमूटभर हळद टाका ओ बाई." बाई म्हणायच्या, "तिला काही झालेलं नाही. ती कामात आहे."

पिल्लं मोठी झाली, की ती त्यांना बाहेर सोडते. त्यांचा एक धुरासारखा पुंजका तिच्या डोक्याभोवती फिरत राहतो. बाईंनी एकदा पाण्यात नुसतं बोट फिरवलं. क्षणात तो सगळा पुंजका तिच्या तोंडात. टाकीत फक्त ती एकटी उभी, गळा पुन्हा फुगलेला. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"पाणी ढवळलं की आत," बाई म्हणाल्या. "कुणी ढवळलं, का ढवळलं, ते नंतर."

हाच पुढे त्या घराचा नियम झाला. गाडी चुकली, रस्त्यात कुणी काही बोललं, पेपर वाईट गेला, ताप आला, काहीही झालं तरी आधी घरी यायचं. "आधी आत, मग बोलणं." एकदा शाळेजवळच्या नाक्यावर एका माणसाने माझा पाठलाग केला. मी धावत आले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. बाईंनी काही विचारलं नाही. लोखंडी जाळीचं दार उघडलं, मला आत घेतलं, दाराला कडी घातली आणि ताटात गरम भात वाढला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्या माझ्याबरोबर नाक्यावरून चालत आल्या, आणि तेव्हा म्हणाल्या, "आता सांग." आम्ही सगळ्या परत येईपर्यंत त्या जेवत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. संध्याकाळ झाली की दारात उभ्या राहून हाक मारत, "चला गं, तोंडात या." गल्लीतली माणसं हसत.

शाळेतही त्या ही पिल्लं काचेच्या बरणीत घालून आणत. एकदा त्यांनी एका काळ्या डबीला दोरा बांधला आणि ती उपडी करून हळूच पाण्यात सोडली. पिल्लं धावत त्या डबीखाली गेली, कडेला चिकटली, आत शिरायला बघू लागली. त्यांना काळोखी, पोकळ काही दिसलं की ते आईचं तोंड वाटतं. वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, वेडी आहेत ती."

"वेडी नाहीत," बाई म्हणाल्या. "लहान आहेत."

पण त्या भाबड्या नव्हत्या. हा मासा आपल्याकडचा नाही, आफ्रिकेतून आणलेला आहे, नदीत गेला की तिथल्या माशांची जागा खातो, म्हणून टाकीतलं एकही पिल्लू बाहेर जाता कामा नये, हे त्या बजावत. टाकीत गर्दी झाली की वाढलेले मासे जयाताईंच्या टोपलीत जात. त्या दिवशी बाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

सविताने त्यांना एकदा विचारलं होतं, "बाई, ती किती दिवस आत घेते?"

"थोडेच दिवस. मग पिल्लं आली तरी ती तोंड उघडत नाही. फार जवळ आली तर खातेसुद्धा."

"आपल्याच पोरांना?"

"तिला मग ती ओळखू येत नाहीत. आणि तोंड उघडलं, तर पिल्लं कधी पोहायची?"

आम्हा सगळ्यांत सविता हुशार होती. बाई तिच्यावर उघड माया करत नसत, पण तिच्या वेणीला रिबीन कमी पडली तर स्वतःच्या साडीची किनार फाडून देत. बारावीनंतर तिला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बाईंनी गल्लीत पेढे वाटले. जयाताईंनी पेढा खाऊन विचारलं, "मला सुई टोचायला येशील ना गं?" सविता म्हणाली, "तुम्हाला फुकट टोचीन."

आठ दिवसांत ती परत आली. तिथलं जेवण जात नाही म्हणाली. बाईंनी आत घेतलं, दोन दिवस खाऊ घातलं आणि स्वतः एसटीत बसवून आल्या. दिवाळीनंतर ती पुन्हा आली. शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि ही बोलली की बरोबरच्या मुली हिच्या बोलण्याची नक्कल करतात. बाईंनी पुन्हा ठेवून घेतलं, रोज इंग्रजी शब्द पाठ करून घेतले, पुन्हा पोचवलं. त्या वेळी माझं डहाणूलाच कॉलेज चालू होतं आणि मी बाईंकडेच होते. त्या मला म्हणाल्या, "ती अशीच येत राहिली तर तिथे कधी राहणार?" मला तरी काय कळत होतं.

तिसऱ्यांदा ती दुपारची आली. खांद्याला पिशवी, तोंड उन्हाने लाल. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. बाई उठल्या, जाळीच्या दारापाशी गेल्या आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कडी काढली नाही.

"नाशिकची गाडी आहे संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "परत जा."

"बाई, मी..."

"आत्ता नाही. परीक्षा झाली की ये. मग महिनाभर राहा."

सविताने एकदा टाकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाणी तरी द्या."

बाईंनी तांब्या भरून आणला आणि जाळीच्या खालच्या फटीतून बाहेर दिला. सविता उभ्यानेच प्यायली, तांब्या पायरीवर ठेवला आणि गेली. बाई बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. आत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "जमेल तिला. जमतं." पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सविता नाशिकला गेली नाही. ती स्टेशनवर गेली आणि गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसली. हे आम्हाला चार दिवसांनी, नाशिकच्या कॉलेजातून फोन आल्यावर कळलं. नंतर रानशेतच्या एका बाईकडून कळलं, की ती वापीला एका कारखान्यात पॅकिंगला लागली आहे. तिचा फोन बंद होता. वडील जाऊन आले, तर ती त्यांच्याशी बोलली, पण परत यायला नाही म्हणाली. बाईंसाठी एवढाच निरोप आला, की बरी आहे.

"बरी आहे असं ती म्हणाली," बाईंनी विचारलं, "की बरी आहे असं सांगा म्हणाली?"

निरोप आणणाऱ्या बाईला त्यातला फरक कळला नाही. बाईंना कळला होता.

त्या दिवसापासून जाळीच्या दाराला कडी लागली नाही. दिवसा नाही, रात्री नाही. जयाताई ओरडत, "बाई, चोर येतील." बाई म्हणत, "येऊ देत. पाणी देईन." त्यांनी दुसऱ्या मुलींना घरी ठेवणं बंद केलं. कुणी विचारलं, तर आता वय झालं म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात त्या दोनच वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या.

रविवारी त्या वापीला जात. जयाताईंनी एकदा टोकलं, "काय ओ बाई, साड्या घ्यायला जाता काय दर आठवड्याला?" मग कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. नंतर त्यांनी कधी विचारलं नाही. उलट बाई उशिरा आल्या, की भिंतीवरून झाकलेली वाटी ठेवत.

एकदा मी बाईंबरोबर गेले. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिच्या बाकावर आम्ही बसलो. पाळी सुटली आणि मुली बाहेर आल्या. शेकडो मुली, सगळ्यांची तोंडं ओढणीने घट्ट बांधलेली, धूळ आणि वासासाठी. दिसत होते ते फक्त डोळे. बाई उभ्या राहिल्या आणि एकेकीच्या डोळ्यांकडे बघू लागल्या. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. रस्ता मोकळा झाला.

"ती यात असती तर थांबली असती," बाई म्हणाल्या. मग चहाचा ग्लास बाकावर ठेवून म्हणाल्या, "नसती थांबली."

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. उंबरगाव गेल्यावर आपणहून बोलल्या. "पिल्लू आलं की मासा विचारतो का, की बाबा, खरंच घाबरलास की नुसता आलास? मी पोरींना आयुष्यभर हेच शिकवलं. आणि स्वतः मात्र तिचे दिवस मोजत बसले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती काहीतरी सांगत होती. 'बाई, मी' म्हणाली. पुढे काय होतं ते मी ऐकलंच नाही."

मी आज शिक्षिका आहे, माझ्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती ज्या घरात राहून मिळाली त्या घरच्या माणसाला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

बाई पावसाळा सरताना गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. घर त्यांच्या पुतण्याकडे गेलं. टाकीतले मासे न्यायला मी गेले, तेव्हा सविता आली. अंगाने भरली होती, कडेवर वर्षाचा मुलगा होता. रानशेतहून तिला निरोप मिळाला होता. ती जाळीच्या दाराबाहेर थांबली. दार उघडंच होतं, तरी थांबली. मी म्हटलं, "आत ये."

ती ओसरीवर बसली. मी तोच तांब्या भरून दिला. तिने आधी मुलाला पाजलं, मग स्वतः प्यायली. मी तिला सगळं सांगितलं, कडी, वापी, चहाची टपरी. शेवटी मीच विचारलं, "त्या दिवशी काय सांगायला आली होतीस?"

"काही नाही गं," सविता म्हणाली. "तिथे झोप लागत नव्हती. इथे एक रात्र झोपायचं होतं. सकाळी गेलेच असते."

तिचा मुलगा रांगत टाकीपाशी गेला आणि कडेला धरून उभा राहिला. ती त्याला उचलायला उठली आणि तिथेच, टाकीच्या काठाला डोकं टेकून रडली. भिंतीपलीकडे जयाताई होत्या. त्यांनी भिंतीवरून झाकलेली वाटी ठेवली.

माझ्या डोळ्यांसमोर बाई येतात त्या मात्र त्याआधीच्या, मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हाच्या. सकाळची वेळ होती. आदल्या दिवशी त्या टाकीवर जाळी ओढायला विसरल्या होत्या आणि ढोकरी बगळ्याने पिल्लांची आई उचलून नेली होती. नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं तेवढी मागे राहिली होती. बाई टाकीजवळ पाटावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. मी शेजारी बसले. शाळेचं, घरचं बोलले. त्या हुं हुं करत होत्या.

मग त्यांनी हात पाण्यात घातला, मूठ अर्धी मिटली आणि अंगठ्यापाशी थोडी फट ठेवली. दुसऱ्या हाताच्या बोटाने पाणी जरासं ढवळलं. पिल्लांचा पुंजका थरथरला, एकदा इकडे, एकदा तिकडे गेला आणि मग त्या मुठीच्या अंधारात शिरायला लागला. एकामागून एक, सगळी. बाईंनी मूठ हलू दिली नाही.

"गुदगुल्या होतात," त्या म्हणाल्या.

"किती वेळ धरणार बाई? पाणी गार आहे."

"त्यांना बाहेर यावंसं वाटेपर्यंत."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी पाया पडले. त्यांना हात काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी नुसतीच मान हलवली. पायरी उतरून मी बाहेर आले आणि सवयीने जाळीचं दार ओढून घेतलं. कडीचा आवाज झाला.

बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांची पाठ तशीच टाकीवर वाकलेली होती, एक हात कोपरापर्यंत पाण्यात.

"लावू नकोस," त्या म्हणाल्या.

मी कडी काढली.